मिरचीची पानं मुरडली, फुलंही गळतात

प्रश्न : गच्चीवर १० इंची कुंडीत लवंगी मिरची लावली आहे. शेंड्याची पानं वाकडी झाली आहेत. एप्रिलपासून फुलं येतात, पण गळून पडतात. खत वाढवू का?

उत्तर : उलट, खत थांबवा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी फुटते, किडी तिच्यावरच येतात आणि फळधारणा मागे पडते.

आता पानं कुठे वळली आहेत ते बघा. कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे (थ्रिप्स). खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड, माइट). शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. फुलकिडे बारीक पिवळसर रेघांसारखे चालताना दिसतात. हे कोळी भिंगाशिवाय दिसणं कठीण.

फुलकिड्यांसाठी १ लिटर कोमट पाण्यात १ मिली पातळ साबण आणि ५ मिली निंबोळी तेल घुसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. (बहुतेक जण वरूनच फवारतात आणि तेलाला दोष देतात.) ७-७ दिवसांनी तीनदा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. तेलानंतर दोन आठवडे गंधक नको, कडक उन्हातही नको, पानं करपतात.

झाड खुरटून पानं बारीक, पिवळी पडली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, उपटून टाका.

फुलगळीचं कारण बहुधा ऊन. पारा ३५ अंशांपुढे गेला की परागकण निकामी होतात. दुपारी ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट बांधा, पाणी सकाळी द्या आणि पुढच्या वेळी कुंडी १२ इंची घ्या.