मैफलीच्या दिवशी पावसला जाऊ नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. सकाळी गणपतीपुळे, मग मालगुंड, जयगड, तिथून उलटं पावस, आणि संध्याकाळी रत्नागिरीत थिबा राजवाड्यावर आर्ट सर्कल संस्थेच्या संगीत महोत्सवातलं गाणं. अरे, बायकोला फिरायला नेतोयस की एसटीची ड्युटी करतोयस? जयगड रत्नागिरीच्या उत्तरेला, पावस दक्षिणेला. दिवसभर गाडीत आंबलेलं अंग संध्याकाळी बैठकीवर टेकलं की संथ, विलंबित ख्यालाची अंगाईच होणार. मग तू म्हणशील, तिला गाण्यात गोडी नाही. ती बिचारी दमलेली असेल, एवढंच.

एकच दिशा धर. आरे-वारेच्या रस्त्याने जा; चढावरच्या वळणाला थांबून खाली समुद्र बघत बसा, घाई करू नका. पुळ्याला डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, साधारण एक किलोमीटरची. तेवढं चालणं तब्येतीला बरं. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तिला जावंसं वाटलं तरच जा. दीडच्या आत जेवा, मोदक दोनावर थांबव, आणि तीनपर्यंत खोलीवर येऊन झोपा. हो, झोपाच. यात मी तडजोड करत नाही.

उठल्यावर थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, सूर्यास्त तिथूनच बघा. राजवाडा जवळच. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली गादीवरून काढलं, पुढल्या वर्षी इथे आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याच्याच आवारात आपण आता गाणं ऐकायला बसतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

अर्धा तास आधी पोच. लोक चहाच्या टपरीवर रेंगाळतात आणि तंबोरे लागताना ऐकायचं राहून जातं. खाडीच्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरात उतरते. तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, बारीक ठोके देत कडेचा एकेक भाग (त्याला घर म्हणतात) सुरात वर चढवतो, चाटीवर, म्हणजे पुडीच्या काठाच्या पट्टीवर, बोट मारून बघतो, पुन्हा ठोकतो. तंबोऱ्याची पहिली तार कशाला लावलीय तेही ऐक. एरवी ती पंचमाला, म्हणजे ‘प’ला असते. निषादाला, म्हणजे ‘नी’ला लावली असेल तर समज, पंचम नसलेला राग येतोय, मारवा किंवा पूरिया. पण मैफल सुरू होईपर्यंत दिवस मावळून गेलेला असतो, त्यामुळे हे संधिप्रकाशातले राग बहुतेक वेळा हुकतात आणि आपण थेट यमनात शिरतो. याची माझी जुनी तक्रार आहे, असो.

आता मुद्द्याचं. हे सगळं तुला सांगितलं, तिला सांगायला नव्हे. गाणं चालू असताना कानाशी लागून ‘हा तीव्र मध्यम बरं का’ करणारे नवरे मी बरेच पाहिलेत. त्यांच्या बायका पुढच्या वर्षी येत नाहीत. एकतालाच्या अतिविलंबित आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण मिनिट सहज लागतं, नवख्या माणसाला त्यात काय चाललंय तेच कळत नाही. लागू दे तिला वेळ. तिने आपणहून विचारलं तर फक्त सम दाखव: पहिल्या मात्रेवर गवई आणि तबलजी एकत्र येतात तिथे नुसती मान हलव. बाकीचं तिचं ती बघेल. कदाचित तिला निवेदिकेची साडीच आवडेल, आवडू दे. मध्यंतरात ‘कसं वाटलं?’ म्हणून परीक्षा घेऊ नकोस, बटाटेवडा खाऊ घाल.

कंटाळली तर उठा. शेवटच्या भैरवीपर्यंत बसलंच पाहिजे असा काही नवस केलेला नाही.

शाल दोन घे, एक नको. उघड्यावर दव पडतं. पाठीचा त्रास असेल तर सरळ मागच्या खुर्च्या पकडा, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसण्यात कसलं पुण्य नाही. रात्री आंबा घाट चढून घरी जायचं खूळ डोक्यातून काढ, खोली दोन रात्रींची सांगून ठेव.

आणि पत्रात सगळीकडे ‘मी ठरवलंय’ असं लिहिलंयस. तिला विचारलंस का? विचार, आणि मग कळव. तिकिटांचं मी तोवर थांबवतो.

तुझा,
काका