दहा कॉम्प्युटर नंतर, आधी दोन शनिवार या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातून दहा जुने कॉम्प्युटर सुटतायत, ते कोरेगाव तालुक्यातल्या तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला देऊन लॅब उभी करायची, आणि महिन्यातून एक शनिवार पुण्याहून येऊन मुलांना कोडिंग शिकवायचं. सुरुवात कुठून करू?

सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. शनिवार आधी, कॉम्प्युटर नंतर. आणि दहा नकोत, दोन पुरेत.

माझं साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सात वर्षं झाली, महिन्यातले दोन शनिवार तुमच्याच तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत जातो. पट चाळिसाच्या आतबाहेर. पहिल्या वर्षी मीही असाच टेम्पोत सहा मशिनी घालून गेलो होतो. नारळ फुटला, शाल मिळाली, पेढे झाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलो तर चार बंद. एकाची केबल उंदरांनी कुरतडलेली. दोघांचे एसएमपीएस, म्हणजे आतले वीजपुरवठ्याचे डबे, उडालेले, कारण शाळेची लाईन आणि रानातल्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज दीडशेवर, बंद झाल्या की एकदम उसळी. चौथा तर ठणठणीत होता, पण त्यावर बाईंनी उशीचा अभ्रा घालून ठेवला होता. का, तर बिघडला तर जबाबदारी आपल्यावर येईल.

बाईंना हसू नका. शाळेला दिलेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते. एकदा चढली की ती मोडली तरी फेकता येत नाही, तिचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे कागदोपत्री नोंद काढावी लागते. तोवर बदली झाली की मुख्याध्यापक नव्या माणसाला चार्ज देताना एकेक माऊस मोजून देतात. तुम्ही दहा डबे देणार म्हणजे आपल्या नजरेत दान, त्यांच्या नजरेत दहा नोंदी. मुळात द्विशिक्षकी शाळेत दोन माणसांनी चार वर्ग सांभाळायचे, त्यात खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं आणि केंद्रप्रमुखांचे फोन. त्या शाळेत कमी काय असेल, तर ठरलेल्या दिवशी न चुकता येणारा तिसरा माणूस.

म्हणून पहिले दोन शनिवार रिकाम्या हातानं या. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठाला मागं उभे राहा, प्लगमध्ये अर्थिंग आहे का बघा, वीजबिल कोण भरतं आणि किती थकलंय ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना भेटा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. ‘लॅब पाहिजे का’ हे त्यांच्याकडून आलं पाहिजे. आमच्याकडं समितीतल्या एका आईनं पहिल्याच बैठकीत विचारलं, ‘कॉम्प्युटर राहू द्या, पोरींच्या संडासाला कडी लावून देता का?’ लावून दिली. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर माझ्या शब्दाला गावात किंमत आली.

आता उपक्रमांचं. ‘कोडिंग’ हा शब्द काही महिने बाजूला ठेवा. मुलांच्या हातात आधी अशी गोष्ट द्या, जिच्यातून रोज आकडा निघेल. आमच्या शाळेत ती गोष्ट म्हणजे पर्जन्यमापक. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ खाचाखाचांचा असतो, तिथं माप चुकतं. म्हणून तळात बारीक खडी आणि खाचा बुडतील इतकं पाणी घालायचं, त्या पातळीवर शून्याची रेघ मारायची आणि तिथून वर पट्टी चिकटवायची. अंगण मोकळं पाहिजे, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली नको. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, तर आमचंही तसंच. इतर दिवशी शाळा उशिरा भरते, त्यामुळं शाळेशेजारी घर असलेली चौथीतली मुलगी साडेआठला बघते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा टाकते. रविवारीसुद्धा.

पहिल्या पावसाळ्यात एका पठ्ठ्यानं मोजल्यावर बाटली पार उलटी केली, तळातल्या पाण्यासकट. दुसऱ्या दिवशी पाणी शून्याच्या रेघेच्या खाली. तो पळत आला, ‘सर, पाऊस वजा आठ झाला!’ तिसरीतला पोरगा, ऋण संख्या अजून दूर. पण ‘शून्य कुठं मानायचं’ यावर त्या दिवशी जी भांडणं झाली, ती माझ्या कुठल्याही तासाला झाली नसती. आता अडीच मिलिमीटरच्या आतला पाऊस ‘पावसाळी दिवस’ धरत नाहीत, यावरूनही वाद होतात. ‘कपडे तर भिजले!’ हा मुद्दा अजून निकाली निघालेला नाही.

हेच आकडे शनिवारी कॉम्प्युटरवर जातात. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या फुकट प्रोग्राममध्ये, दोन रकाने, तारीख आणि मिलिमीटर, मग आलेख. शेजारी महाबळेश्वरचा आकडा ठेवा, वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर, आणि माण तालुक्याचा, पाचशेच्या घरात. एकाच जिल्ह्यात! सह्याद्री ढग कसा अडवतो ते मग फळ्यावर काढावं लागत नाही, पोरंच विचारतात. तुमच्या तालुक्यात तर हे आणखी सोपं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपात, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, कोरेगाव होतं, वेळू गावानं पहिला नंबर काढला होता. पाण्याचा हिशोब घराघरात बोलला गेलाय. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं सांगा आणि शाळेच्या पत्र्यावरून किती पाणी वाहून गेलं ते त्यांना काढू द्या.

हे दोन पावसाळे चालल्यावर आम्ही स्क्रॅच घेतलं, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून मुलांनी प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, ज्यात सुरुवातीला एक मांजर असतं. इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती फुकट मिळते. मुलांनी पहिला प्रोग्राम केला तो मांजर नाचवायचा नाही. आकडा टाकला की बाटली भरताना दिसायची, असा केला. तो मला सुचला नसता.

आता मशिनीबद्दल, माझ्या धंद्याचं. कंपन्या आत्ता एवढे कॉम्प्युटर काढतायत कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनी मशीन विंडोज ११ साठी बसत नाहीत. शाळेसाठी याचा अर्थ चांगला आहे. चार जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातलीत तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट सिस्टीमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यावर सुखानं चालते. ऑफिसची डिस्क काढूनच घ्या, तुमच्या आयटीवाल्यांचाही जीव भांड्यात पडेल. देवनागरी टायपिंग आधी बसवून तपासा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये डाऊनलोड करून आत ठेवा, गावात रेंज येते-जाते. प्रत्येक मशीनला स्टॅबिलायझर लावा, हे कंजूषपणा करायचं ठिकाण नाही. आणि मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी आल्या आल्या बदला.

या बॅटरीची गोष्ट सांगतो. बाईंचा फोन आला, ‘नेट गेलंय, एकही साईट उघडत नाही, पण मोबाईलवर चालतंय.’ मी म्हटलं शनिवारी बघतो. गेलो, डोकं खाजवत बसलो. मागं उभी असलेली पोरगी म्हणाली, ‘सर, ह्याची तारीख चुकलीय, आज काय एक जानेवारी नाही.’ परिपाठाला फळ्यावर रोज तारीख लिहायचं काम तिचं. बॅटरी मेली होती, त्यामुळं घड्याळ कित्येक वर्षं मागं गेलेलं, आणि तारीख चुकली की ब्राउझरला सुरक्षित साईटची प्रमाणपत्रं पटत नाहीत. पंधरा वर्षं दुकान चालवतोय आणि मला ते दिसलं नव्हतं. बॅटरी तिच्याकडूनच बदलून घेतली. आता कुठलंही मशीन रुसलं की ती आधी तारीख बघते.

दोन गोष्टी टाळा. मुलांचे फोटो स्टेटसला किंवा कंपनीच्या पेजवर टाकू नका, पालकांना आणि मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि न जमणारा शनिवार आदल्या आठवड्यात कळवा. मी एकदा न सांगता चुकवला, तर पोरं फाटकाशी पाऊण तास उभी होती, असं बाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या आठ मशिनींचं काय, हे विचारालच. त्या तालुक्यातल्या हायस्कुलाला विचारा, तिथं बघायला माणूस असेल तर. नाहीतर दोन आपल्याकडं सुट्या भागांसाठी ठेवा आणि बाकीच्या ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात जाऊ द्या. शाळेच्या खोलीत मात्र नकोत, ती खोली पावसाळ्यात जेवणाच्या पंगतीला लागते.

प्रोसेसर कुठल्या पिढीचा, रॅम किती आणि मॉनिटरला व्हीजीए आहे की एचडीएमआय, एवढं लिहून टाका. दोन मशिनी कुठल्या निवडायच्या ते मी सांगतो.