बारा नव्हे, चौदा

बडोदे

चि. कविमित्रास,
अनेक आशीर्वाद.

इथल्या हरणी तलावात उलटलेल्या बोटीवरची तुझी कविता चारदा वाचली. आपलं कुणी गेलेलं नसताना लिहावं का, असं विचारतोस. लिही. माझं भांडण दुसऱ्या कडव्याशी आहे: 'बारा कळ्या खुडी काळ'.

१८ जानेवारी २०२४ ला सहलीची बोट उलटून १४ जण गेले. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका. 'कळ्या' हा शब्द आला आणि त्या दोघी कवितेबाहेर पडल्या, कारण कळ्यांत त्या बसेनात. अरे, घडलेलं बदलायचं नाही! प्रतिमेसाठी नाही, यमकासाठी नाही, वृत्तासाठी तर नाहीच. धाकटा अभंग, चरणाला ८ अक्षरं. 'बारा मुले, दोन बाई': बोटांवर मोज, आठच भरतात. यमकाला 'घाई' आहे, 'आई' आहे.

आणि हा काळ कोण? बोटीत मावतील त्याहून जास्त माणसं बसवली होती, सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. कर्त्याच्या जागी काळ आला की बसवणारे सुटले. क्रियापदं एकेक तपास. खुडल्या, हरपल्या, मावळल्या. यातलं काहीही त्या दिवशी घडलं नव्हतं. 'बसवली' घे. त्याला कर्ता शोधावाच लागतो.

तिसऱ्या कडव्यातला तरंगणारा डबा तू पाहिलास? नसेल तर काढ. चौथ्यात मात्र धाकटीच्या सहलीसाठी आई दोन थेपले जास्त घालते, झाकण लागेना म्हणून तळहाताने दाबते. हे तुझ्या घरच्या ओट्यावरचं, डोळ्यांनी पाहिलेलं. फार चांगलं आहे रे हे. कविता इथून सुरू कर. पहिलं कडवं म्हणजे नुसतं घसा साफ करणं, ते जाऊ दे.

मला कोरडा म्हणतात. म्हणोत. असल्या कळ्या मीही लिहिल्या, छापल्या, त्यांवर टाळ्या घेतल्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर त्यातली एक ओळ वाचायची आज छाती होत नाही. म्हणून हा हट्ट. तो चुकीचा आहे असं मला अजून कुणी पटवलेलं नाही. घडलेलं बदलायचं नाही.

नवा खर्डा दहा दिवस बाजूला ठेव, मग मोठ्याने वाच. जिथे आवाज मुद्दाम कापरा करावासा वाटेल तिथे पेन्सिलीने खूण कर. बहुधा तीच ओळ काढायची असते. नंतर पाठव. आणि त्या दोघी बाईंना आत घे.