जेडचं खोड खालून काळं पडलं असेल तर पाणी थांबवा आणि वरून कापा

ताई, तुम्ही लिहिलंय की ग्रिलमधल्या आठ वर्षांच्या जेडचा (जाड, गुबगुबीत पानांचं कुंडीतलं झाड) बुंधा मातीजवळ काळा आणि मऊ झालाय, पानं नुसता हात लागला तरी गळतायत, आणि सुकलंय असं वाटून घरात सगळ्यांनीच पाणी वाढवलं. पाणी आत्ताच बंद करा. पानं सुरकुतली म्हणजे तहान लागली असंच दरवेळी नसतं, मुळ्या कुजल्या की माती ओलीचिंब असूनही झाड तसंच दिसतं कारण पाणी वर चढवायला धड मुळ्याच शिल्लक नसतात.

जेड क्रॅसुलेसी कुळातलं, दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं. ह्याच्या पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, दिवसा मिटलेली, त्यामुळे पाणी मुळातच कमी खर्च होतं, आणि जुलैच्या दमट हवेत तर अजूनच कमी. त्यात तुमचं मिक्स म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि लाल माती, ते आठवडाभर ओलं राहतं, मुळ्यांना हवा मिळत नाही आणि बुरशी चढते.

आता बोटाने खोड दाबत दाबत वर जा. कुठून कडक लागतं तिथे खूण करा आणि त्याच्या दोन इंच वर नव्या कटर ब्लेडने कापा, ब्लेड आधी स्पिरिटने पुसून. बुंधा वाचवायच्या मागे लागू नका, तो गेलाय, सासूबाईंच्या हातचं झाड आहे म्हणून जीव तुटतो ते समजतं पण ते झाड आता वरच्या फांद्यांमध्येच आहे. कापलेला भाग उजेडात धरून नीट बघा. निरोगी खोड आतून काकडीसारखं दिसतं, हिरवट पांढरं, ओलसर. कुजलेल्यात तपकिरी कडं दिसतं किंवा मधोमध एखादा ठिपका. ठिपका दिसला की पुन्हा ब्लेड पुसा, अर्धा इंच वर कापा, पुन्हा बघा. माझ्या पहिल्या जेडला मी तीन काप घेतले, शेवटच्या कापात मोहरीएवढा ठिपका राहिला होता, म्हटलं एवढ्याने काय होतंय, बारा दिवसांत अख्खा शेंडा पिचपिचीत झाला. तेव्हापासून मी एकही ठिपका सोडत नाही, भले हातात चार इंचाचीच फांदी उरो.

कापाला ‘साफ’ नावाची बुरशीनाशक पावडर लावा (कार्बेन्डाझिम 12 टक्के, मॅन्कोझेब 63 टक्के), हातमोजे आणि मास्क घालून, मुलांपासून लांब. दालचिनी, हळद लावतात लोक, त्याने फार तर काप कोरडा राहतो, आत शिरलेली कूज त्याने थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर ती ‘साफ’नेही थांबत नाही, ती फक्त कापूनच जाते.

मग फांद्या पेपरवर, सावलीत, पंख्याखाली. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत खपली धरते, ह्या दिवसांत आठ-दहा धरा, जाड फांदीला जास्त. पानांत पाणी असतं त्यामुळे काळजी नको. इथेच सगळे घाई करतात, ओला काप मातीत खोचतात आणि पुन्हा तेच रामायण.

जुनी माती फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत ओतू नका. नवीन मिक्सला एक भाग माती-कंपोस्ट, दोन भाग विटांचा खडबडीत चुरा किंवा परलाइट (हलके पांढरे खडे), चुरा चाळून त्यातली पूड काढून टाका. कुंडी मातीची, छोटी, भोक मोकळं, खाली ताटली नको. फांदी इंच-दीड इंच खोचून काडीला बांधा, पावसाची झड येणार नाही अशा उजेडात ठेवा आणि आठ-दहा दिवस थेंबभरही पाणी नको. तीन-चार आठवड्यांनी हळूच ओढून बघा, धरून ठेवलं तर मुळ्या आल्या. नंतरही माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी नाही.

आणि ती गळलेली पानं टाकली नसतील ना? त्यातली टणक, देठापाशी न काळवंडलेली वेगळी काढा आणि सुक्या मिक्सवर नुसती पसरून ठेवा, पुरू नका. काही आठवड्यांत देठाजवळ गुलाबी धाग्यासारख्या मुळ्या फुटतात, आणि फांदी दगावली तरी सासूबाईंचंच झाड त्या पानांतून पुन्हा उभं राहतं.