विधेयकाची छाननी की चिकित्सा?

प्रश्न असा आलाय: "मुलांविषयी किंवा शाळांविषयी एखादं बिल संसदेत आलं की एका पेपरात ‘विधेयकाची छाननी’ लिहितात, दुसऱ्यात ‘चिकित्सा समितीकडे पाठवलं’ असं असतं. चिकित्सा तर डॉक्टर करतात ना? मग नक्की बरोबर काय?"

मला विचाराल तर चिकित्सा. छाननी चूक नाही, पण या कामाला तोकडी पडते.

छाननी आपण कुठे वापरतो बघा. उमेदवारी अर्जांची छाननी, शाळाप्रवेशाच्या ऑनलाइन अर्जांची छाननी. म्हणजे निकष आधीच ठरलेत, दाखला जोडलाय का, सही आहे का, तारीख उलटून तर गेली नाही ना, सगळं असेल तर पात्र नाहीतर बाद. हिंदीतल्या ‘छानना’शी नातं उघड आहे, आपल्याकडे ते काम चाळणीचं, आणि चाळणी किती बारीक घ्यायची हे दुसऱ्याच कुणीतरी आधी ठरवलेलं असतं.

चिकित्सेचं तसं नाही. संस्कृतात कित् या धातूपासून ‘चिकित्सति’ होतं, पाणिनीच्या एकाच सूत्रात गुप्, तिज्, कित् असे तिन्ही धातू येतात, त्यातून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा ही तीन भावंडं निघाली. अर्थ मुख्यतः रोगावर उपाय करणं, म्हणजे डॉक्टरवाला मुद्दा तुमचा बरोबरच आहे, जिल्हा शल्यचिकित्सक अजून त्याच अर्थाने सरकारी पाटीवर आहेत. पण त्याच धातूतून ‘विचिकित्सा’ म्हणजे शंकासुद्धा येते, आणि मराठीने ही शंकेची बाजू बरोब्बर उचलली. धर्मचिकित्सा म्हणतो तेव्हा कुणी धर्माला औषध पाजत नाही, भांडारकर संस्थेने केली ती महाभारताची चिकित्सित आवृत्ती, आणि घरात "फार चिकित्सक आहे बाई ही" म्हटलं की पुढचं सांगायला नको.

आता संसदेकडे वळू, कारण शब्द तिथेच कसाला लागतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये बालन्याय विधेयक लोकसभेत आलं, गाजलेला मुद्दा हा की १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवता यावा. बिल गेलं स्थायी समितीकडे. समितीला फक्त छाननीच करायची असती तर मसुदा नीट आहे, कलमांचे आकडे जुळतात, झालं, पाठवा पुढे. पण २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या अहवालात समितीने मुळालाच हात घातला. मंत्रालय अल्पवयीनांचे गुन्हे वाढल्याचे जे आकडे दाखवत होतं ते दाखल झालेल्या एफआयआरचे होते, शिक्षा झालेल्यांचे नव्हते, आणि १६-१८ चा वेगळा गट पाडणंच समितीला पटलं नाही. याला म्हणायचं चिकित्सा! चाळणीच बदला म्हणाले ते.

सरकारने ऐकलं का? थोडंसं. मूळ मुद्दा तसाच ठेवला, पण मुलांच्या गुन्ह्यांची प्रकरणं बघणाऱ्या बालन्याय मंडळाला, मुलावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का याच्या प्राथमिक मूल्यांकनासाठी एक महिना होता तो तीन महिने केला, आणि खंड ७ काढूनच टाकला. त्यात असं होतं की १६-१८ मध्ये गुन्हा केला आणि एकविसाव्या वर्षानंतर सापडला तर थेट प्रौढ म्हणून खटला. मी मुद्दाम ‘खंड’ लिहिलंय. सभागृहात विधेयक असतं तोवर खंड, पास होऊन कायदा झाला की कलम. पेपरवाले सरसकट कलम लिहितात आणि मग घोळ होतो, कारण आजच्या कायद्यातही कलम ७ आहेच, फक्त ते बालन्याय मंडळाच्या कामकाजाबद्दलचं आहे, त्या काढलेल्या खंडाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. जुनी बातमी हातात घेऊन कायदा उघडणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

पुढे लोकसभेत ते ७ मे २०१५ ला पास झालं, राज्यसभेत थेट २२ डिसेंबरला, तेही दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन दोषी मुदत संपून सुटला म्हणून देश तापलेला असताना. तेव्हा माकपचं म्हणणं होतं की बिल प्रवर समितीकडे पाठवा, ते झालं नाही आणि त्यांनी सभात्याग केला. कुणाची बाजू बरोबर ते सोडा, पण अशा तापलेल्या वातावरणात चिकित्सा व्हायची कठीणच असते असं माझं मत.

हे ‘प्रवर’ काय, असंही पुष्कळ जण विचारतात. प्रवर म्हणजे निवडक, श्रेष्ठ. लग्नासाठी पत्रिका जुळवताना जे गोत्र-प्रवर बघतात तोच शब्द. स्थायी समिती कायमची, खात्यानुसार ठरलेली. प्रवर समिती एका विधेयकापुरती, अहवाल दिला की काम संपलं. दोन्ही सभागृहांचे सदस्य घेतले तर संयुक्त, आणि मराठी बातम्यांत तीच बरेचदा ‘संयुक्त चिकित्सा समिती’ होते. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं ते अशाच समितीकडे गेलं आणि बदल होऊन वर्षभराने मंजूर झालं, तुम्ही पेपरात वाचलेला शब्द बहुधा तिथूनच कानावर पडला असेल.

मग छाननी कधी लिहायची? समितीकडे लोकांच्या सूचना-हरकती येतात ना, त्यातल्या मुदतीत आलेल्या कुठल्या, नाव-पत्ता नसलेल्या कुठल्या, हे वेगळं काढतात, त्याला खुशाल छाननी म्हणा.