स्टोअररूममधला माल आणि सिस्टीममधला आकडा जुळत नाही, चूक कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की वर्षातून एकदा सगळा माल मोजता, सिस्टीममधले आकडे दुरुस्त करता आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तफावत दिसते. दिसणारच. आकडा दुरुस्त केला की फरक जातो, पण तो कशामुळे पडला याचा मागही पुसला जातो. म्हणून आधी फरक नीट बघा, आकडा दुरुस्त करणारी ॲडजस्टमेंट एंट्री त्यानंतर.

फरकाचा आकडा बरंच बोलतो. समजा खोक्यात २४ नग आहेत, ५ खोकी आली आणि आवक नोंदवताना ‘५ नग’ पडले. माल ११५ नगांनी जास्त निघेल, म्हणजे ५ गुणिले २३. तेव्हा फरकाला ‘खोक्यातले नग वजा १’ने पूर्ण भाग जात असेल, तर पहिला संशय युनिटवर (खोकं की नग) घ्या आणि आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, खोक्याचे नग किती भरलेत ते तपासा. फरक एखाद्या खरेदी बिलातल्या नगांएवढाच असेल आणि माल कमी असेल, तर बहुधा ते बिल दोनदा चढलंय. जास्त असेल तर चढायचं राहिलंय. एखाद्या नोंदीतल्या नगांच्या बरोबर दुप्पट फरक म्हणजे बहुधा उलटी नोंद, उदाहरणार्थ गिऱ्हाइकाने परत केलेला माल पुन्हा विक्रीत टाकला गेला. ९ने भाग जाणारा फरक दिसला तर ६३चे ३६ झालेत का बघा. अर्थात हा नुसता सुगावा, ९ने भाग योगायोगानेही जातो.

नेहमी सापडणारी आणखी एक चूक मात्र काउंटरवरची. एकाच किमतीच्या तीन वासांचे साबण आले की बिल करणारा एकच स्कॅन करतो आणि नग ३ टाकतो. पैसे बरोबर, स्टॉक चूक. सिस्टीममध्ये एक वास खऱ्या मालापेक्षा २ने कमी दिसतो, बाकीचे दोन एकेकाने जास्त, आणि बेरीज शून्य! त्यामुळे ‘एकूण फरक किरकोळ आहे’ यावर समाधान मानू नका. अधिक-उणे चिन्ह सोडून फरकांची बेरीज करा, आणि किती आयटम तंतोतंत जुळले ते वेगळं लिहा. ५० पैकी ४६ जुळले तर अचूकता ९२ टक्के.

कारण पकडायचं असेल तर २०-३० आयटमची एक यादी करा: जोरात खपणारे, बरेच रंग-साइज असलेले, खोक्यात येऊन सुटे विकले जाणारे. हेच आयटम दर आठवड्याला मोजा. फरक एका आठवड्यातला असला की त्या काळातली बिलं, चलानं, परतीच्या नोंदी हाताने तपासता येतात. वर्षाचा फरक कोणी तपासत नाही. सलग चार आठवडे यादी जुळली की पुढची यादी घ्या. बाकीच्या मालात महागडे आणि जास्त खपाचे महिन्याला, मधले तीन महिन्यांनी, उरलेले वर्षातून दोनदा, एवढं पुरतं.

मोजणी दुकान उघडण्याआधी करा. आदल्या दिवसाची सगळी बिलं आणि आवक चढलेली हवी, आणि सकाळी आलेली गाडी मोजणी संपेपर्यंत उतरवायची नाही. मोजणाऱ्याच्या कागदावर सिस्टीमचा आकडा नको. ४८ छापलेले दिसले की ४७ नगही ४८ मोजले जातात. आयटम शोधत फिरण्यापेक्षा रॅक क्रमांकाने खणामागून खण मोजा, म्हणजे चुकीच्या खणात पडलेला मालही सापडतो. फरक आला तर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या.

परतीचा आणि फुटका-खराब माल यांना वेगळे क्रेट ठेवा आणि नोंद झाल्याशिवाय त्यातलं काही रॅकवर जाऊ देऊ नका. निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे सिस्टीममध्ये शून्याखाली गेलेल्या आयटमची, यादी रोज काढा. आवक राहिल्याची ती सर्वात लवकरची खूण. ॲडजस्टमेंटचा अधिकार एक-दोघांनाच द्या, आणि मोजणाराच ॲडजस्टमेंट करणारा नको. प्रत्येक एंट्रीला कारण सक्तीचं करा, पण कारणांत ‘इतर’ ठेवलंत तर सगळे तेच निवडतील.

चोरीचा संशय शेवटी घ्या. माल नेहमी कमीच भरतो, एक-दोन नगांनीच, आणि वस्तू लहान पण महाग, असं दिसलं तरच. ते आयटम कुलपाच्या कपाटात हलवा आणि रोज बंद करताना मोजा. तरीही माल घटतच राहिला, तर किल्ली कोणाच्या हातात असते त्याची सही घ्यायला लागा.