कॅचफ्रेजला मराठीत काय म्हणावं?

दुसऱ्या महायुद्धातल्या बीबीसी रेडिओवर लेख लिहिणाऱ्या एका मित्राचा प्रश्न आहे. ‘इट्मा’ या बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमाबद्दल त्याचं वाक्य असं: ‘“इट्मा”ची सगळी मजा त्यातल्या ब्रीदवाक्यांत होती.’ कॅचफ्रेजला, म्हणजे एखाद्या पात्राच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरलेल्या वाक्याला, ब्रीदवाक्य चालेल का?

नाही चालणार. ब्रीद हा घेतलेला वसा असतो. आकाशवाणीचं ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे ब्रीदवाक्य. तकियाकलामही नको, कारण ‘समजलं ना?’ किंवा ‘काय आहे की’ बोलणाऱ्याच्या तोंडून नकळत निसटतं. इथली वाक्यं लेखक टेड कॅव्हनॉ यांनी नेमक्या जागी पेरलेली होती.

‘इट्स दॅट मॅन अगेन’ म्हणजे ‘इट्मा’ सुरू झाला जुलै १९३९ मध्ये. सप्टेंबरात युद्ध पेटलं, रस्त्यावरचे दिवे गेले, बीबीसीचं टेलिव्हिजन बंद पडलं. खिडक्यांवर काळे पडदे ओढून माणसं रेडिओपाशी बसू लागली. टॉमी हँडली हा त्यातला मुख्य नट. पण रेडिओवर चेहरा नसतो, मग कोण आलं हे ऐकणाऱ्याला कळावं कसं? दार उघडल्याचा आवाज, बादली आणि ब्रशचा खडखडाट, आणि पाठोपाठ सफाईवाल्या मिसेस मॉपचं ‘कॅन आय डू यू नाऊ, सर?’ तिला खोली झाडायची आहे, एवढंच; पण त्या ‘डू’मध्ये जरा चावटपणा आहे. मी ‘आता तुमचं उरकू का, साहेब?’ असं करीन. कर्नल चिनस्ट्रॅपला कुणी काहीही म्हणो, त्याला ते दारूचं आमंत्रणच वाटे आणि तो लगेच ‘आय डोन्ट माइंड इफ आय डू’ म्हणे. हे आपल्याकडे ‘एवढा आग्रहच आहे, तर घेतो!’

फुन्फ हा कार्यक्रमातला जर्मन हेर. नट जॅक ट्रेन काचेच्या पेल्याशी तोंड नेऊन त्याचा घुमणारा आवाज काढत. वरून बॉम्ब पडत असताना लोक फोनवर एकमेकांना ‘धिस इज फुन्फ स्पीकिंग’ म्हणून हसवत. शत्रूच्या हेराला त्यांनी असं घरातलं करून टाकलं, ही मला त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून माझं मत ‘पालुपद’ला. ‘तेच पालुपद लावलंय’ यात कटकटीची छटा येते हे खरं, पण ती ‘लावणे’ या क्रियापदामुळे. पालुपद मुळात गाण्यातलं, फिरून फिरून येणारं, आणि ऐकणाऱ्यालाही सोबत घेणारं. शाहीर कडवं संपवतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. ती जागा येणार हे समोर बसलेल्यांना आधीच ठाऊक असतं आणि ते तिचीच वाट पाहत असतात. मिसेस मॉपची बादली वाजली की ब्रिटनमधल्या घराघरांत हेच व्हायचं. ती जाताना ‘टीटीएफएन’ म्हणे, ‘टा टा फॉर नाऊ’चं लघुरूप. लोकही निरोप घेताना तेच म्हणू लागले. ‘परवलीचा शब्द’ मी अशा ठिकाणी वापरीन, म्हणजे वाक्य रेडिओतून निघून दोन अनोळखी माणसांमधली ओळखीची खूण होतं तिथे.

तेव्हा क्रियापद बदला आणि लिहा: ‘“इट्मा”तली पालुपदं लोकांच्या तोंडी बसली होती.’